रिसबूड आणि दोन ब्रुन्स

रिसबूड गेल्याचं मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, तेव्हा सात जणांनी हात जोडले. एरवी कुणाचे चुलतसासरे नागपुरात गेले तरी साठसत्तर हात जोडले जातात. या सातांतल्या दोघांनी तर खाली 'कोण हे?' असंही विचारलं. मी हात जोडले नाहीत. 'भावपूर्ण' एवढं टाइप केलं आणि पुसून टाकलं. रिसबूडांच्या नावापुढे तो शब्द लावला तर ते उठून बसतील आणि 'कुठला भाव? पूर्ण कशावरून?' असं विचारतील, याची मला खात्री होती.

हॉलंडमधल्या न्यूनेन गावात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. तीस वर्षं आइंडहोव्हनच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. उंच, काटकुळे, सायकलवरसुद्धा पाठ अशी ताठ की कुणी वाकायचंच तर वाऱ्यानं वाकावं. सगळ्यांना 'अहो, तुम्ही' म्हणत, शेजारच्या चार वर्षांच्या मुलालाही. त्यात आदर वगैरे काही नव्हता, कुणी फार जवळ येऊ नये एवढीच ती सोय होती. मंडळातल्या नव्या पोरी सवयीनं 'काका' म्हणायच्या, तर ते म्हणत, "मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही. रिसबूड म्हणा." मला ते आडनावानं हाक मारत. "पाटणकर, चहा घेणार असाल तर स्वतः करून घ्या."

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांच्या बायकोच्या शोकसभेत. शैलाताई मंडळात सगळ्यांच्या लाडक्या होत्या. अध्यक्षीणबाईंनी पदर सावरून सुरुवात केली, "शैलाताई सदैव हसतमुख..." आणि पहिल्या रांगेतून रिसबूड म्हणाले, "सदैव नाही."

बाईंचा पदर हातातच राहिला.

"सकाळी अकराच्या आधी ती कुणाशी बोलत नसे," रिसबूड म्हणाले. "आणि गेल्या गणपतीत तुम्ही तिच्या मोदकांना नावं ठेवलीत. ते तिनं शेवटपर्यंत मनात ठेवलं होतं. हसतमुख नव्हती. चालू द्या तुमचं."

चालू कसलं राहतंय! बाईंनी कसाबसा श्लोक म्हटला आणि सगळे समोशांकडे वळले. माझ्या शेजारची म्हणाली, "दगड आहे मेला." मलाही अगदी तसंच वाटलं होतं. घरी येताना मात्र लक्षात आलं की दोन तासांत शैलाताईंबद्दल आम्ही सगळे जे बोललो ते कुठल्याही बाईबद्दल चाललं असतं. शैलाताईंबद्दल फक्त रिसबूड बोलले होते.

मी तेव्हा नवऱ्याच्या परमिटवर येऊन घरात बसलेली होते. इतिहासात एम.ए., पुण्यात हौसेनं मोडीचा वर्ग केलेला, आणि इथे दिवसभर बाल्कनीतून बदकं बघायची. हे कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि एक दिवस फोन आला.

"तुम्हाला मोडी येते म्हणे. कितपत?"

"बऱ्यापैकी येते."

"म्हणजे येत नाही. उद्या दहाला या."

त्यांच्या माडीवरच्या खोलीत एक जर्मन घोडदळाची रेजिमेंट राहत होती. राहत होती असंच म्हणायला हवं, कारण शैलाताई होत्या तेव्हाही घरात तिचाच वट जास्त होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी भाले घेऊन बेल्जियममध्ये शिरलेली ही रेजिमेंट. तिचं मूळ दफ्तर पुढे दुसऱ्या युद्धाच्या शेवटी पॉट्सडॅमला बॉम्बहल्ल्यात जळालं, बाकी सगळ्या प्रशियन पलटणींच्या दफ्तरांबरोबर. पण पहिलं युद्ध हरून परत जाताना जर्मन सैन्य हॉलंडच्या लिम्बुर्ग प्रांतातून गेलं, आणि या रेजिमेंटच्या कुणा कारकुनानं एक ट्रंक तिथल्या शेतकऱ्याच्या कोठारात ठेवली ती ठेवलीच. ती फिरत फिरत जुन्या बाजारात आली आणि रिसबूडांना सापडली. आत तीन वह्या होत्या. एक घोड्यांची, एक रोजच्या हुकुमांची, एक शिक्षांची. हजारभर माणसांतलं आणि घोड्यांतलं जे काही जगात उरलं होतं ते एवढंच. रिसबूडांनी ते पुण्याच्या दफ्तरखान्यातल्या पद्धतीनं लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलं होतं. जुनी जर्मन लिपी मोडीसारखीच, एका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या गळ्यात. ते ती वर्तमानपत्रासारखी वाचत, आणि पहिले काही महिने त्यांनी मला ती लिपी आणि कामापुरती जर्मन शिकवली.

मग उतरवायला पहिली घोड्यांची वही दिली. या लोकांची एक रीत होती. एका वर्षी भरती झालेल्या सगळ्या घोड्यांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची. मी उतरवत होते ते वर्ष 'ड'चं होतं. एका ओळीवर पाणी सांडून 'ड'च्या पुढचं सगळं फिसकटलेलं. पुढेमागे दोन डायना होत्या, म्हणून मी इथेही डायना लिहून टाकलं. आठवड्याच्या शेवटी रिसबूडांनी तपासलं.

"हे कुणी लिहिलं?"

"कारकुनानं."

"कारकुनानं 'ड' लिहिलाय. त्यानंतर पाणी आहे. ही डायना तुम्ही जन्माला घातलीत." माझी चाळीस पानं त्यांनी उभी फाडली. अगदी शांतपणे, कोथिंबीर निवडावी तशी. "वाचता येत नाही तिथे टिंबं द्या. टिंबं द्यायची लाज वाटते म्हणून माणसं खोटं लिहितात."

मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी दहाला परत गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बदकांचा कंटाळा आला होता हे एक. आणि इतकी वर्षं कुणी माझ्या कामाकडे फाडण्याइतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं, हे दुसरं.

एकदा मी विचारलं, "पण जर्मनच का? आपल्याकडे हजारो रुमाल न वाचता पडलेत."

"कारण हे माझे कुणी लागत नाहीत. आपले कागद वाचायला बसलं की वाचणाऱ्याचे पूर्वज मध्ये येतात."

मग त्यांनी त्यांच्या कुलसंमेलनाची हकीकत सांगितली. रिसबूडांचे कुणी मूळपुरुष उत्तरेच्या स्वारीत लढता लढता पडले, असं त्यांच्या कुलवृत्तांतात छापलं होतं. संमेलनात त्यांच्या तसबिरीला हार घालायचा होता, आणि घालणार होते ते यांचे वडील, घराण्यातले सगळ्यांत वडीलधारे म्हणून. रिसबूड तेव्हा पंचविशीतले, नुकते मोडी शिकलेले. त्यांनी मूळ पत्र शोधून काढलं होतं, आणि हार घालायच्या आधी उभं राहून दोनशे माणसांपुढे वाचलं. मूळपुरुष छावणीत हगवणीनं गेले होते. वाटेत. लढाई अजून आठ दिवस लांब होती.

"वडील काय म्हणाले?"

"त्यानंतर काही म्हणाले नाहीत. अकरा वर्षांनी गेले."

"अकरा वर्षं बोलले नाहीत?"

"नाही," रिसबूड म्हणाले, आणि मला पुढचं पान दिलं.

मी तीन वर्षं त्यांच्याकडे जात होते. तिन्ही वह्यांतल्या नावांची सूची मी केली. आडनाव, पान, ओळ. रिसबूडांनी ती चाळली आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ते पद्मश्री मिळाल्यासारखंच होतं.

नंतर मेव्राऊ ब्रुन्स, म्हणजे ब्रुन्सबाई, आल्या.

आमच्या गावात जुन्या इतिहासाची आवड असलेल्यांचं एक मंडळ आहे, तसं आमच्या ब्राबांत प्रांतातल्या प्रत्येक गावात असतं. त्याचा प्रमुख विम एका सकाळी माझ्याकडे आला. रिसबूड तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन आठवडे कागदांपासून लांब होते. विमनं सांगितलं की गावातल्या वृद्धाश्रमात एक्क्याण्णव वर्षांच्या मेव्राऊ ब्रुन्स राहतात. त्यांचे वडील हाइन्रिश त्याच रेजिमेंटमधले जर्मन शिपाई. बेल्जियममधल्या एका खेड्यात गावकऱ्यांना चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घालायचा हुकूम झाला, तेव्हा यांनी कार्बाइन, म्हणजे घोडदळाची आखूड बंदूक, खाली ठेवली, आणि पुढे सरहद्दीवरच्या विजेच्या तारांखालून सरपटत हॉलंडमध्ये पळून आले. इथे लग्न केलं, शेती केली. दुसऱ्या युद्धात गाव जर्मनांच्या टाचेखाली आलं तेव्हा शाळेत पोरं मेव्राऊंच्या वेणीला डांबर फासायची, बापाचा देश म्हणून. तेव्हा बाप रोज झोपताना ती कार्बाइनची गोष्ट सांगायचा. तेवढ्यावर ती मुलगी मोठी झाली होती.

"तुमच्या कागदांत काही आहे का?" विमनं विचारलं. "असेल तर गेमेंटे, आपली नगरपालिका, त्यांच्या घरावर पाटी लावायला तयार आहे. बाईंच्या देखत लागली तर बरं."

मी सूची उघडली. ब्रुन्स, शिक्षावही. धावत आत जाऊन माझ्या नकलेतलं ते पान काढलं. हुकूम असताना कार्बाइन खाली ठेवली, गवतावर, नळी भिंतीकडे करून. लष्करी न्यायालयाकडे रवाना. तारीख तीच, खेडं तेच. मी रिसबूडांची वाट पाहिली नाही. विमला तिथेच सांगून टाकलं. तो मोठा माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून रडला. गेमेंटेनं पाटी मंजूर केली, दिवस ठरला, शाळेतली मुलं गाणं बसवू लागली.

रिसबूडांचे डोळे बरे झाल्यावर मेव्राऊ त्यांचे आभार मानायला आल्या. विमनं गाडीतून आणलं आणि तो बाहेर फोनवर बोलत राहिला. बाईंनी सफरचंदाची तार्त, घरी भाजलेला केक, आणली होती. केस सेट केलेले, गळ्यात मोती. मी कॉफी केली. बाई बोलत सुटल्या. बाबांची घोडी, तिचं नाव डिस्टेल. बाबा आधी डिस्टेलला ओट घालायचे, मगच स्वतः जेवायचे. युद्धातलं सगळं विसरले, पण मरताना डिस्टेलचं नाव घेतलं.

"डिस्टेल," रिसबूड म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला, मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी घोड्यांची वही काढली, नव्या डोळ्यांनी ओळ शोधली, मग शिक्षावही काढली. दोन पानं मागेपुढे केली. आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "पाटणकर, सूचीत तुम्ही ब्रुन्सपुढचे आकडे गाळलेत."

"कुठले आकडे? ते अनुक्रमांक होते ना?"

"एका आडनावाची दोन माणसं असली की हे लोक पहिला, दुसरा असं लिहितात. ब्रुन्स पहिला आणि ब्रुन्स दुसरा. डिस्टेल ब्रुन्स पहिल्याकडे होती. कार्बाइन ठेवली ती दुसऱ्यानं."

बाई आमच्या मधोमध बसून, हातात काटा घेऊन, आलटून पालटून आमच्या तोंडाकडे बघत होत्या. आपल्याच कौतुकाचं चाललंय असं त्यांना वाटत होतं.

"आणि पहिला कुठे होता?" मी विचारलं.

"कोठडीत. तीन दिवस कडक कैद. घोडीचे ओट देऊन दारू घेतली म्हणून."

"नका सांगू," मी म्हणाले.

"का?"

"एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत हो त्या! तीन आठवड्यांनी पाटी लागतेय. त्या गेल्यावर सांगा, पेपरात छापा, काय हवं ते करा. चूक माझी आहे, माझ्या अंगावर घ्या. पण आज नको. पाया पडते तुमच्या."

"आणि ब्रुन्स दुसरा?" रिसबूड म्हणाले. त्यांचा आवाज चढलाही नाही. "तो खरा उभा राहिला होता. त्याला कोर्टापुढे नेला. पुढे त्याचं काय झालं ते कुठे नाही, दफ्तर जळालं. त्याची पोरगी नाही, गाव नाही, पाटी नाही. जगात त्याची एवढी एक ओळ आहे. तीही मी यांच्या बापाला देऊ?"

याचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही.

"Alles goed?" बाईंनी हसून विचारलं, सगळं ठीक ना?

रिसबूडांनी त्यांना डचमध्ये सांगितलं. सगळं. बोट ठेवून, ओळ न् ओळ. गवतावर ठेवलेली कार्बाइन, भिंतीकडे केलेली नळी, दुसरा. मग कोठडी, ओट, दारू, पहिला. डच माणसं तोंडावर बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण इतकं तोंडावर मी त्यांच्यातही ऐकलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. काटा बशीत ठेवला. मग विचारलं, "म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"ते कागदात नाही," रिसबूड म्हणाले. "कागदात एवढंच आहे की ते तिथे नव्हते."

बाई डिस्टेलच्या ओळीकडे पाहत राहिल्या. त्यांना ती लिपी येत नव्हती. "तुम्ही थांबू शकला असतात," त्या म्हणाल्या. "मी फार दिवस घेणार नव्हते." मग त्यांनी विमला हाक मारली आणि तार्त परत डब्यात घालून घेऊन गेल्या.

पाटी रद्द झाली. मुलांचं गाणं राहिलं. विमनं रिसबूडांशी बोलणं सोडलं, बेकरीतली बाई त्यांना पाव देताना वर बघेना. त्यांना काही फरक पडला नाही. ते ब्रुन्स दुसऱ्याच्या मागे लागले. जर्मनीतल्या कुठल्या कुठल्या चर्चना, स्मशानांना, दफ्तरखान्यांना पत्रं लिहीत होते असं पोस्टमनकडून कळायचं. मीही जाणं सोडलं. खरं सांगायचं तर त्यांनी बाईंना सांगितलं याचा मला राग नव्हता, त्यांनी गावाला सूचीतल्या माझ्या चुकीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही याचा राग होता. सगळ्यांनी त्यांनाच दगड म्हटलं. मी गप्प राहिले, आणि मला ते फार सोपं गेलं.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत सगळं होतं, असं डॉक्टर म्हणाले. कॅनडातल्या मुलीनं येऊन आठवड्याभरात घर रिकामं केलं. त्या तीन वह्या तिनं एका दफ्तरखान्याला दिल्या आणि वडिलांना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवून परत गेली. दुसरीकडे जागाच नव्हती.

मी दीड महिन्यानं भेटायला गेले. रविवारची दुपार, काचेच्या खोलीत ऊन आलेलं. दारातच नर्स म्हणाली, "त्यांची अजिबात काळजी करू नका. एक बाई रोज त्यांच्यापाशी येऊन बसतात. किती बोलतात त्यांच्याशी! एरवी यांच्याकडे कुणी म्हणजे कुणी येत नाही."

रिसबूड चाकांच्या खुर्चीत होते. अंगावर कुणाचा तरी गुलाबी स्वेटर, हनुवटीखाली रुमाल, ती ताठ पाठ पट्ट्यानं खुर्चीला बांधलेली. त्यांना लागून, गळ्यात मोती घालून, मेव्राऊ ब्रुन्स बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

"...आणि बाबांनी कार्बाइन खाली ठेवली. फेकली नाही. गवतावर ठेवली, नीट, नळी भिंतीकडे करून." त्यांनी हातानं करून दाखवलं. "अधिकाऱ्यानं विचारलं, नाव काय? बाबा म्हणाले, ब्रुन्स."

गवत आणि नळी पूर्वी त्यांच्या गोष्टीत नव्हती. ती रिसबूडांनी दिली होती, बोट ठेवून, ओळ न् ओळ. बाई ते रोज त्यांना परत ऐकवत होत्या.

रिसबूडांच्या घशातून आवाज आला. डावा हात मांडीवरून चार बोटं उचलला गेला आणि पडला. बाईंनी तो हात प्रेमानं आपल्या हातात घेतला आणि दाबून धरला. "त्यांना ही गोष्ट फार आवडते," त्या मला म्हणाल्या. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांना सगळं आठवत होतं, मला त्यात तिळमात्र शंका नाही. "तुम्ही तर कागद स्वतः वाचलेत. असंच झालं ना?"

रिसबूड माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे काहीतरी मागत होते. एक शब्द पुरला असता. दुसरा, एवढाच.

"हो," मी म्हणाले. "अगदी असंच झालं."

रिसबूडांनी माझ्यावरची नजर काढली आणि तोंड फिरवलं. पण त्यांना मान एकाच बाजूला वळवता येत होती, आणि त्या बाजूला त्या बसल्या होत्या.